मामांची उतरलेली बॅटरी

लोहाऱ्याला बदली झाली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या खोलीसाठी मामांनी माझी रीतसर मुलाखत घेतली. बायको कधी येणार, मटण शिजवता का, पाहुणेरावळे किती, असलं काहीही विचारलं नाही. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून त्यांनी मला चपलेपासून टाळूपर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न टाकला, “गाडी लागती का तुमाला?”

मी म्हणालो, लहानपणी लागायची, आता नाही. लगेच किल्ली हातात. पुढं महिन्याभरानं मामींनी त्यामागचं शास्त्र सांगितलं. ज्याला गाडी लागते तो माणूस सारखा खिडकी मागतो, लिंबू मागतो, मधेच थांबवा म्हणतो. असला माणूस घरात ठेवला की घराचं टायमिंग बिघडतं, असं मामांचं मत. माझ्या आधी एकजण खोली बघायला आला होता. त्या बिचाऱ्यानं खरं सांगितलं आणि हात हलवत परत गेला.

मामा म्हणजे एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर. अख्खं लोहारा त्यांना मामा म्हणायचं आणि त्यांच्या मंडळींना मामी, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. बत्तीस वर्षं गाडी चालवली आणि कुणाला साधा ओरखडा नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला ते शर्टाच्या खिशावर लावत. लग्नाला लावत, तहसीलला दाखला आणायला जाताना लावत, मर्तिकालाही लावत. एकदा मी भीत भीत म्हणालो, मामा, निदान मातीला जाताना तरी काढून ठेवा. तर म्हणाले, “का? तिथं काय चोऱ्या होत्यात व्हय?”

नोकरी सुटली तरी गाडी त्यांच्या अंगातून गेली नव्हती. बाजारात चालताना रस्त्याची डावी बाजू सोडायची नाही. उजवीकडं वळायचं असलं की आधी मागं बघणार, मग हात आडवा बाहेर काढणार, आणि मगच कोथिंबिरीच्या गाड्याकडं वळणार. मागून येणाऱ्या बायका त्या हाताला अडकायच्या आणि काहीबाही पुटपुटत बाजूनं जायच्या. घरी पाहुणे आले की त्यांनी चहाचा कप उचलायच्या आत मामा सांगून टाकायचे, “दहा मिनटं थांबंल. काय चा-पानी, लघवी-बिघवी असंल तर करून घ्या.” नवे पाहुणे घाबरून उठायचे. एकदा तर त्यांचे व्याहीच चपला घालून दारात उभे राहिले होते. मामींनी हाताला धरून परत बसवलं.

मी वीज कंपनीच्या ऑफिसात आस्थापना कारकून. म्हणजे लोकांच्या रजा लिहायच्या, सेवापुस्तकं भरायची. खांबावर मी आयुष्यात चढलेलो नाही. आमच्या घरी फ्यूज गेला तर बायको बघते. पण मामांना हे पटायचं नाही. चारचौघांत “हे लाईटीतले हायत” अशीच ते माझी ओळख करून देत. आणि त्यापायीच त्यांच्या गाडीच्या बॅटरीचं लचांड माझ्या गळ्यात पडलं.

गाडी त्यांच्या मुलीनं घेऊन दिली होती. मुलगी पुण्यात नोकरीला. मामींचे गुडघे गेलेले, एस.टी.ची पायरी चढवत नव्हती. त्यांची थोरली बहीण, आक्का, येरमाळ्याला. मामींची आई लवकर गेली, तेव्हा या आक्कानंच त्यांना वाढवलेलं. त्या पायरीपायी दोन वर्षं बहिणीबहिणींची गाठ नव्हती. फोनवर दोघी तासतास बोलायच्या, आणि शेवटी आक्का म्हणायची, “आवाज आला गं, पर तोंड कवा दावतीस?” मग मामी फोन ठेवून पदर तोंडाला लावायच्या. मुलीनं हे एकदा बघितलं आणि बापाच्या दारात गाडी आणून उभी केली. पांढरी, ॲटोमॅटिक, बटणावर चालू होणारी. आईला घेऊन आता कधीही जा, म्हणाली.

मी राहायला गेलो तेव्हा गाडीला येऊन आठ महिने झाले होते आणि ती फाटकाबाहेर एकदाही गेलेली नव्हती.

मामांची पहिली तक्रार क्लचची. गाडीला क्लचच नाही म्हणजे काय? “उजवा पाय राबराब राबणार आन डावा नुसता बसून बघणार. एकाला काम, एकाला आराम, आसं आमच्यात चालत न्हवतं.” दुसरी तक्रार आवाजाची. इंजिन चालू आहे का बंद, हे कानाला कळायचं नाही. मामांनी आयुष्यभर गाडी कानानं आणि नाकानं चालवलेली. गाडीला काय दुखतंय हे त्यांना वासावरून कळायचं, समोरच्या काट्याकडं बघायची वेळच यायची नाही. आणि ही गाडी तोंडानं चकार शब्द काढायची नाही, नुसते दिवे दाखवायची.

रोज सकाळी सात वाजता मामा शेडमध्ये जाऊन गाडीचं कव्हर काढत. हातातल्या काठीनं चारी टायरं ठोकत. स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावत. मग बटण दाबून बरोबर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवत. याला ते ‘दम देणं’ म्हणत. पाच मिनिटं झाली की इंजिन बंद, रेडिओ चालू, दार सताड उघडं, आणि मामा सीटवर बसून पेपर वाचायला मोकळे. तासाभरानं उतरायचे आणि लेकराला पांघरूण घालावं तसं कव्हर घालायचे. मग दहा-पंधरा दिवसांनी एक सकाळ अशी यायची की बटण दाबलं तर नुसतं टकटक व्हायचं. लगेच खालून हाक यायची, “ओ लाईटीतले.”

मी काय करणार, डोंबल? पहिल्या वेळी बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्यानं आत बघितलं, एवढंच माझ्या हातात होतं. शेवटी स्टँडजवळच्या बॅटरीवाल्या चाचांना बोलावलं. चाचा ट्रॅक्टरच्या, ॲपेरिक्षाच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या करायचे. हाताला कसब आणि बोलणं मोजकं. त्यांनी शेजारचा ट्रॅक्टर आणून गाडीला भिडवला, वायरी जोडल्या, आधी लाल, शेवटी काळी, ती इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि गाडी चालू करून दिली. मग मामांना समजावलं, “मामा, चालू करने में जित्ता जाता ना, उत्ता पाच मिनट में भरता नै. ऊपरसे तुमचा रेडू. तिला तासभर रस्त्यावर न्या, अपने आप भर जाती.” मामांनी समजल्यासारखी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सात वाजता पुन्हा पाच मिनिटं दम, आणि पेपर.

दिव्यांची तऱ्हा तर विचारू नका. बॅटरी कमी पडली की असल्या गाडीतले काट्यांजवळचे सगळे दिवे एकदम बोंब मारतात, हे ज्ञान मला चाचांकडून मिळालं. इंजिनचा, स्टिअरिंगचा, ब्रेकचा, टायरचा, सगळेच. खरं तर कशालाच काही झालेलं नसतं. करंट पुरत नाही म्हणून जो तो आपापली तक्रार मांडतो. मामांना हे अजिबात खपायचं नाही. टायर काठीनं ठोकून बघितलेलं, टणटणीत, आणि ही म्हणते हवा कमी. “खोटं बोलती,” असं त्यांनी जाहीर केलं, घरात गेले आणि मामींचं टिकल्यांचं पाकीट घेऊन आले. खोटं बोलणाऱ्या दिव्यावर एक लाल टिकली. आधी टायरवाल्यावर, मग इंजिनवाल्यावर, मग ब्रेकवाल्यावर. महिन्याभरात गाडीचं तोंड टिकल्यांनी भरलं.

मुलीनं एकदा व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवा म्हटलं. मामांनी कौतुकानं फोन आत धरला. तिनं तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं. मग म्हणाली, “बाबा, गाडीला गोवर आलाय का?” मामी मागं उभ्या होत्या, त्या हसून हसून भिंतीला टेकल्या. मामांनी फोन बंद केला आणि त्यांना म्हणाले, “हसू नगं. आजून एक पाकीट आण.”

येरमाळ्याला जायचं पहिल्यांदा ठरलं ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. दसऱ्याला गाडीची पूजा झाली, झेंडूची माळ घातली, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. दुसऱ्या दिवशी मामी पहाटे उठून आक्कासाठी शेंगांच्या पोळ्या करून, ठेवणीतली साडी नेसून, पिशवी घेऊन तयार. मामांनी नमस्कार करून बटण दाबलं. टकटक. शेजारी पिठाच्या गिरणीवर दळण टाकून बसलेली माणसं उठून आली. कुणीतरी म्हणालं, धक्का द्या. मग काय, आठ-दहा जणांनी धोतरं-विजारी खोचल्या आणि गाडीला खांदे लावले. मीही लावला. मामा आत स्टिअरिंग धरून ताठ बसलेले, नजर समोर, जणू गाडी निघालीच आहे. आम्ही अर्धा तास ढकलली. गाडी सोडा, चाकाखालचं लिंबूसुद्धा फुटलं नाही.

चाचा आले, त्यांनी तो देखावा बघितला आणि कपाळाला हात लावला. ॲटोमॅटिक गाडी, बॅटरी मेलेली, गिअर पार्किंगला अडकलेला. ही धक्क्यानं चालूही होत नाही आणि हलतही नाही. एकाची कंबर धरली ती आठ दिवस शेकावी लागली. मामींनी साडी बदलली आणि पोळ्या गल्लीत वाटून टाकल्या. माझ्या वाट्याला दोन आल्या. पोळ्या चांगल्या होत्या, पण मला त्या गोड लागल्या नाहीत.

दुसऱ्यांदा ठरलं भाऊबीज झाल्यावर. या वेळी मी शहाणपणा केला. आदल्या दिवशी चाचांकडून बॅटरी पुरती चार्ज करून आणून बसवली. तरी सकाळी टकटक. पुरी भरलेली बॅटरी एका रात्रीत उतरते कशी? मी चाचांकडं बघितलं, चाचांनी माझ्याकडं बघितलं, आणि दोघांनी मिळून मामांकडं. मामा टायर ठोकत होते. “मशिनरी हाय,” म्हणाले, “भरवसा न्हाय.” मामी पिशवी घेऊन आत गेल्या.

पौषात आक्का न्हाणीत पडली. हाड मोडलं नाही, पण पंधरा दिवस अंथरूण धरलं. मामींनी फोन लावला तेव्हा मी खालीच होतो. त्या दिवशी आक्का तोंड दाव म्हणाली नाही. म्हणाली, “नगं येऊ. तुजं गुडघं सांभाळ.” मामींनी फोन ठेवला आणि चुलीपुढं बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. संध्याकाळी मामांना एवढंच सांगितलं की ऐतवारी जायचं. मामा म्हणाले, जाऊ की.

शनिवारी दिवेलागणीला मी ऑफिसातून आलो. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी कव्हरखाली होती आणि कव्हरच्या मागच्या दोन कोपऱ्यांतून तांबूस उजेड येत होता. मी आपला भाबडेपणानं हाक मारली, “मामा, पार्किंग लाईट चालू राहिलाय.”

“राहिला न्हाय,” मामा म्हणाले. “ठेवलाय.”

ते शेडच्या खांबाला टेकून उभे होते. मला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तसा असा राग आला म्हणून सांगू. माझा खांदा तीन दिवस दुखत होता, ते जाऊ द्या. पण ती बाई दोनदा साडी नेसून दारात उभी राहिली होती. मी विचारलं, भाऊबीजेच्या वेळीही तुम्हीच? मामांनी मान हलवली. दसऱ्याला? पुन्हा मान हलवली. मी म्हणालो, मामा, आक्का म्हातारी झाली, उद्या काही झालं तर मामी तुम्हाला माफ करतील का? एवढं बोलून मी वर निघालो होतो, तर म्हणाले, “बसा की जरा.”

मग त्यांनी सांगितलं. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. मामी सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन त्यांच्याच गाडीनं सोलापूरहून तुळजापूरला निघाल्या होत्या. घाटात पोरगी रडायला लागली आणि मामांनी आरशात बघितलं. “येवढंच,” मामा म्हणाले. “डोळा आरशात गेला. येवढंच.” डावं पुढचं चाक डांबर सोडून कडेच्या मातीवर गेलं. त्याच्या पलीकडं काही नव्हतं. मामांनी गाडी वर घेतली. कुणाला काही कळलं नाही. लोक पेंगत होते, कंडक्टर तिकिटं फाडत होता. तुळजापुरात सगळे उतरून देवीला गेले आणि मामा अर्धा तास स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले.

त्या दिवसापासून त्यांनी घरचं माणूस आपल्या गाडीत घेतलं नाही. मामी माहेरी जायच्या त्या दुसऱ्याच्या गाडीनं. “घरचं माणूस मागं बसलं की डोळा मागं जातो,” मामा म्हणाले. “बिल्ला देताना सायेब म्हनले, येक बी चूक न्हाय. म्या हात जोडलं. काय सांगनार? आता तिला बसवून गाडी काढायची म्हनलं की हात कापत्यात. तिला सांगू नका.”

माझा राग कुठल्या कुठं गेला. पण त्या जागी काय ठेवावं हे सुचेना. मी जिना चढून वर गेलो. पार्किंग लाईट बंद केला नाही, ते अजून माझ्या मनाला लागून आहे.

रविवारी सकाळी मामी पिशवी घेऊन दारात. मामांनी बटण दाबलं. ठरल्यासारखं टकटक. “ओ लाईटीतले,” अशी हाक आली, तीही नेहमीपेक्षा बारीक. मी खाली जाऊन बॉनेट उघडलं आणि आत बघत राहिलो. मामींनी विचारलं, काय झालं साहेब? मी जमिनीकडं बघत सांगितलं की बॅटरी उतरली. इतकं खरं बोलून इतकं खोटं वाटण्याची ती माझी पहिलीच वेळ.

“उतरनारच,” मामी म्हणाल्या, आणि फाटकाकडं बघून हात केला. फाटकाबाहेर चाचा स्कूटरवर बसलेले. त्यांच्या पायाशी नवी कोरी बॅटरी. मामींनी आदल्या दिवशीच त्यांना सांगून ठेवलं होतं.

पंधरा मिनिटांत नवी बॅटरी बसली. बटण दाबताच गाडी चालू झाली. समोर दोन-तीन दिवे टिकल्यांच्या मधून लुकलुकत होते. चाचा म्हणाले, “बॅटरी बदली तो गाडी सब भूल गई. थोडी चली की याद आता. आन एक तास बंद करू नका मामा, नवी को भी भरना पडता.” एवढं बोलून ते स्कूटर घेऊन निघून गेले. शहाणा माणूस. मलाही जायचं होतं, पण बॉनेट माझ्या हातात होतं.

मामा गाडीपासून चार हात लांब, काठीवर भार देऊन उभे. मामी त्यांच्यासमोर गेल्या.

“त्या दिशी घाटात म्या बी गाडीतच हुते न्हवं?” मामींनी आवाज अजिबात चढवला नाही. “तुमच्या मागच्या शिटावर. चाक कुठं गेलं हुतं, मला ठावं हाय.”

मामांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, “आन येवढी वर्सं बोलली न्हाईस?”

“काय बोलायचं? चाक गेलं, तसं वर बी आलं. तुमीच आनलं. म्या त्या दिशी भ्याले ती भ्याले. तुमी आजून भेता.”

“डोळा मागं जातो गं,” मामा म्हणाले.

“मग म्या पुढं बसते.”

आणि त्या गुडघ्यावर हात टेकून, आधी बसून मग एकेक पाय आत घेत, पुढच्या सीटवर बसल्या. दार ओढून घेतलं. पिशवी मांडीवर. मामांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच कट केलाय. मग म्हणाले, “तुमी बी चला. लाईटीतलं मानूस संगं आसलं पायजे.” मी लुंगीवर होतो. कशीबशी पँट चढवून मागं बसलो.

लोहाऱ्याच्या बाहेर पडेपर्यंत मामांनी गाडी इतकी हळू चालवली की कडब्यानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आम्हाला ओलांडून गेली. मामांचे हात खरंच कापत होते. मला मागून दिसत होतं, म्हणजे मामींना शेजारून दिसतच असणार. पण त्या त्यांच्याकडं बघतच नव्हत्या. पाहुण्यासारख्या बाहेर बघत होत्या, ज्वारी कुणाची कशी आलीय ते सांगत होत्या. मध्येच कपाळाला हात लावून म्हणाल्या, अगं बाई, गडबडीत टिकलीच लावायची राहिली. आणि वाकून स्टिअरिंगपुढच्या काट्यांच्या काचेवरची एक टिकली नखानं उचकटून कपाळाला लावली. मामा म्हणाले, ती इंजिनवरची काढलीस. मामी म्हणाल्या, असू द्या. टिकलीखाली बघितलं तर दिवा लागलेलाच नव्हता.

थोडं पुढं गेल्यावर उरलेले दिवेही एकेक करून विझले. मामांनी ते बघितलं, पण कबूल काही केलं नाही. मात्र गाडीचा वेग जरा वाढला. एकदा त्यांनी आरशात बघितलं. मी उगाच सावरून बसलो. “मागं काय बघन्यासारखं न्हाय,” असं म्हणून त्यांनी नजर परत रस्त्यावर नेली. मामी तोंडाला पदर लावून हसल्या.

मामा ज्याला अजून उस्मानाबाद म्हणतात ते धाराशिव गेलं, येडशीही मागं पडली. मला चहा पाहिजे होता, चहापेक्षाही दुसरं काही पाहिजे होतं. मी म्हणालो, मामा, दहा मिनिटं थांबूया का? मामी मला म्हणाल्या, चाचांनी सांगितलंय ना, बंद करायची नाही. तास होऊन गेला होता. पण त्या वेळी त्यांना कोण सांगणार? पिशवीतल्या भाजलेल्या शेंगा फोडून त्या दाणे मामांच्या तोंडात घालत होत्या, कारण मामा स्टिअरिंगवरचा हात काढायला तयार नव्हते. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. वळणाच्या उतारावर मामांचे खांदे एकदम ताठ झाले. मामींच्या हातातला दाणा तसाच राहिला. उतार संपला, रस्ता सरळ झाला, आणि मामांनी दाण्यासाठी तोंड उघडलं. तेव्हा माझे डोळे भरून आले हे मी इथं सांगून टाकतो, त्या दोघांना काही मी सांगितलेलं नाही.

येरमाळा आलं. आक्काचं घर रस्त्याच्या कडेलाच. दारात खुर्ची टाकून आक्का बसलेली, हाडकुळी, ताठ, हातात काठी. शेजारी सून, एका हातात ओवाळून टाकायचा भाकरतुकडा आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. मामांनी वेग कमी केला. मामींनी काच खाली केली आणि हात बाहेर काढून हलवला. आक्कानं काठी सोडून दोन्ही हात वर केले. मी उतरायच्या तयारीनं दाराच्या कडीला हात घातला होता.

मामींनी स्टिअरिंगवरच्या मामांच्या हातांकडं बघितलं, ते आता कापत नव्हते. मग समोर बघत हळूच म्हणाल्या, “जरा पुढं घ्या. बॅटरी आजून भरली नसंल.”

मामांनी समोर नजर टाकली. टिकल्या होत्या, पण दिवा एकही नव्हता. मी मागून वाकून स्पष्ट बघितलं.

“व्हय,” मामा म्हणाले. “कमीच हाय आजून.”

आणि गाडी आक्काच्या दारावरून तशीच पुढं गेली. मी मागच्या काचेतून बघितलं. सून भाकरतुकडा हवेत धरून उभी होती. आणि पंधरा दिवस अंथरूण धरलेली आक्का खुर्ची सोडून रस्त्याच्या मधोमध आली होती, आणि कमरेवर दोन्ही हात ठेवून आम्ही जातो कुठं ते बघत होती.